ना कमी, ना जास्त : पिशवीच्या तोंडाची तपासणी



वर्षावासाच्या दिवसांत ओझरच्या आपल्या वस्तीत संध्याकाळचे ग्रंथवाचन संपले तरी बायका लगेच उठत नाहीत. कुणी टोमॅटोच्या तोडणीवरून आलेली असते, कुणी देवळाजवळच्या हॉटेलातली भांडी घासून. चहा होतो आणि मग दुखण्याखुपण्याच्या गोष्टी निघतात. आरोग्याचे काम करणाऱ्या आम्ही चौघी जणी त्या चहासाठीच थांबतो, कारण दवाखान्यात जे कुणी बोलत नाही ते विहाराच्या ओट्यावर बोलले जाते.

अशाच एका संध्याकाळी दोन बायका शेजारी शेजारी बसल्या होत्या. एक मावशी, वय चोपन्न. पाळी जाऊन पाच वर्षे झालेली. चार महिन्यांपासून अधूनमधून कपड्याला रक्ताचा डाग लागत होता. "पाळी परत आली वाटतं," म्हणून त्या हसत होत्या. आम्ही विचारले, "मावशी, आतून तपासणी कधी केलीत का?" त्या म्हणाल्या, "चारी बाळंतपणं घरात झाली माझी. तिथं कोण कशाला बघंल?"

दुसरी सव्वीस वर्षांची, दोन लेकरांची आई. अंगावरून पांढरे जाते म्हणून एका खासगी दवाखान्यात जात होती. दोन वर्षांत तिची पॅप स्मिअर नावाची तपासणी तीन वेळा झाली होती, दर वेळी पैसे मोजून. तिन्ही रिपोर्ट पिशवीत जपून ठेवले होते. शेवटच्या वेळी तिला सांगितले होते, "पिशवीच्या तोंडाला जखम आहे. पुढं कॅन्सर होईल. लेकरं झालीत ना? मग पिशवी काढून टाक." नवऱ्याने शेतमालकाकडे उचल मागायचे ठरवले होते.

आम्ही तिन्ही रिपोर्ट वाचले. तिन्हींत जंतुसंसर्गाची सूज एवढेच लिहिले होते. कॅन्सरचा किंवा कॅन्सरच्या आधीच्या बदलाचा एक शब्दही नव्हता.

जिला तपासणी हवी होती तिची एकदाही झालेली नाही, आणि जिला तेव्हा नको होती तिची तीनदा झाली. आपल्या वस्त्यांमध्ये हे दोन्ही एकाच वेळी चालू आहे, म्हणून या अंकात हा विषय घेतला आहे.

हा आजार सावकाश येतो

गर्भाशयाला आपण पिशवी म्हणतो. तिचे खालचे टोक, जे योनीमार्गात उघडते, ते पिशवीचे तोंड, म्हणजे गर्भाशयमुख. इथे होणारा कॅन्सर भारतातल्या बायकांमध्ये स्तनांच्या कॅन्सरखालोखाल आढळतो. जागतिक कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख २७ हजार बायकांना तो नव्याने झाला आणि जवळपास ८० हजार जणी त्याने गेल्या.

याचे कारण एचपीव्ही नावाचा विषाणू. हे शोधून काढणारे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड झुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. विषाणू शरीरसंबंधातून येतो. तो इतका सर्वसाधारण आहे की बहुतेक बायकांना आणि पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी होतोच. म्हणून विषाणू सापडला तर बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवायचे काही कारण नाही. तो दहा-पंधरा वर्षांपूर्वी आलेला असू शकतो, आणि पुरुषाकडून येतो हेही घरातल्या पुरुषांनी ऐकून ठेवावे.

आता मुख्य गोष्ट. विषाणू आला म्हणजे कॅन्सर आला असे नाही. दहांपैकी नऊ जणींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो. थोड्याच जणींमध्ये तो ठाण मांडून बसतो. मग पिशवीच्या तोंडाच्या पेशी हळूहळू बदलतात, आणि त्या बदललेल्या पेशींचा कॅन्सर व्हायला साधारण पंधरा ते वीस वर्षे लागतात. एचआयव्ही असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्या बाईत हा काळ आखूड असतो.

एवढा वेळ मिळतो म्हणूनच तपासणीला अर्थ आहे. पेशी बदलल्या आहेत पण कॅन्सर झालेला नाही, अशा वेळी त्या सापडल्या तर तेवढाच भाग गोठवून, शेकून किंवा काढून टाकता येतो. बाई बहुधा त्याच दिवशी घरी जाते आणि पिशवी जागेवर राहते.

आणि हाच वेळ सांगतो की दरवर्षी तपासणी करायची गरज नाही. पंधरा वर्षांत वाढणाऱ्या गोष्टीला दर सहा महिन्यांनी कशाला बघायचे?

तपासण्या तीन आहेत

पहिली व्हीआयए. बाईला टेबलावर झोपवून, योनीमार्ग हलकेच उघडून, पिशवीच्या तोंडाला पातळ केलेले अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावतात. हे म्हणजे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरसारखेच. एक मिनिट थांबून प्रकाशात बघतात. बदललेल्या पेशी पांढऱ्या दिसतात. प्रशिक्षण घेतलेली नर्स ही तपासणी करू शकते. निकाल तिथेच कळतो. सरकारी कार्यक्रमात हीच तपासणी आहे. पाळी गेल्यावर मात्र ती तितकी भरवशाची राहत नाही, कारण बघायचा भाग आत सरकतो.

दुसरी पॅप स्मिअर. तोंडाच्या पेशी खरवडून काचेवर घेतात आणि प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. निकालाला काही दिवस लागतात.

तिसरी एचपीव्ही तपासणी. यात तो विषाणूच आहे का ते पाहतात. तिघींत ही सर्वात भरवशाची. हिचा नमुना बाईला स्वतःही घेता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून हिलाच पहिली पसंती दिली आहे. ही तपासणी नॉर्मल आली तर पुढची पाच ते दहा वर्षांनी केली तरी चालते.

तिन्ही तपासण्या दुखत नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. थोडी ओढ बसते, अवघडल्यासारखे होते. पण कापाकापी नाही, टाका नाही, भूल नाही. पाच-दहा मिनिटांचे काम आहे.

कमी : शंभरात दोघीही नाहीत

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९-२१ साली झाले. ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारले होते की पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी आयुष्यात कधी केली का. देशभरात 'हो' म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के.

बायका का जात नाहीत? अज्ञान, लाज, असे उत्तर व्यासपीठावरून दिले जाते. आम्ही वस्तीत विचारतो तेव्हा पहिले उत्तर येते ते खाड्याचे. नारायणगावला किंवा जुन्नरला सरकारी दवाखान्यात जायचे म्हणजे एक दिवस गेला. रोज बुडाला, वडापचे भाडे गेले, आणि तिथे गेल्यावर "सिस्टर ट्रेनिंगला गेल्यात, पुढच्या आठवड्यात या" असे ऐकायला मिळाले की दुसरा खाडा. दुखत नसताना दोन खाडे कोण करील?

दुसरे कारण वागणूक. तपासणीच्या खोलीला पडदा नसतो, दार सारखे उघडते. "एवढी घाबरतेस, मग लेकरं कशी झाली?" असे एखादी सिस्टर म्हणते. आम्हीही त्याच पेशातून आलेल्या आहोत, म्हणून आम्हाला हे लिहिताना जास्त वाईट वाटते. आडनाव ऐकल्यावर आवाज बदलतो हेही आपल्या बायका ओळखून असतात. एकदा अपमान झालेली बाई परत येत नाही, आणि आपल्या पाच मैत्रिणींनाही येऊ देत नाही.

तिसरे कारण अर्धवट काम. एका शिबिरात आमच्या डोळ्यांदेखत बायकांच्या कागदावर 'तपासणी झाली' असे लिहिले गेले. पडद्याआड कुणालाही नेले नव्हते. दुसरीकडे पॅप स्मिअर घेतली, पण रिपोर्ट कुणाच्या हाती पडलाच नाही. ज्या तपासणीचा निकाल बाईला कळत नाही, ती तपासणी झाली नाही असेच समजावे.

१९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या काळात बाईला विश्रांती मिळावी आणि त्या काळात तिची मजुरी बुडू नये, हे देशाच्याच हिताचे आहे, अशी त्यांची मांडणी होती. आजारपण टाळण्यासाठी बाईने घालवलेला दिवस हा तिचा एकटीचा तोटा का व्हावा? पाच वर्षांतून एक दिवस, पगारी, तपासणीसाठी, ही मागणी आपण ग्रामसभेत, द्राक्षबागांच्या मालकांपुढे आणि कारखान्यापुढे मांडायला हवी.

हे ज्ञान आपल्यासारख्याच बायकांनी दिले

व्हीआयएने आणि एचपीव्ही तपासणीने जीव वाचतात हे जगाला कसे कळले? त्याचा मोठा पुरावा आपल्या महाराष्ट्रातून गेला आहे.

१९९८ साली टाटा मेमोरियल रुग्णालयाने मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये एक अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायका त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी, चार वेळा व्हीआयए केली. ती करणाऱ्या होत्या दहावी शिकलेल्या आणि चार आठवडे प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका. बारा वर्षांनी हिशेब केला तेव्हा तपासणी झालेल्या वस्त्यांत या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते.

दुसरा अभ्यास तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यातला. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि जागतिक कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायका चार गटांत विभागल्या होत्या. एचपीव्ही तपासणीच्या गटात सुमारे ३४ हजार बायका होत्या, त्यांची तपासणी आयुष्यात एकदाच झाली. आठ वर्षांत त्या गटात या कॅन्सरने ३४ जणी गेल्या. ज्या गटाची तपासणी केली नव्हती, त्यात सुमारे ३१ हजार बायका होत्या. तिथे ६४ गेल्या. हा निकाल २००९ साली प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. एका तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले.

याच अभ्यासांवर आक्षेपही घेतले गेले. तपासणीने फायदा होतो असे इतर देशांच्या अनुभवावरून दिसत असताना हजारो गरीब बायकांना 'तुलनेसाठी' तपासणीविना का ठेवले, असा सवाल मुंबईहून निघणाऱ्या वैद्यकीय नीतिशास्त्राच्या नियतकालिकातही विचारला गेला. संशोधकांचे म्हणणे असे की त्या बायकांना माहिती दिली होती आणि तेव्हा देशात तपासणीचा कार्यक्रमच नव्हता. वाद मोठा आहे. आमचे म्हणणे एवढेच की झोपडपट्टीतल्या आणि खेड्यातल्या बायकांनी आपली शरीरे पुढे करून हे ज्ञान जगाला दिले, काहींनी त्याची किंमत जिवाने मोजली. ते ज्ञान आमच्या वस्तीत परत आले पाहिजे. शंभरात दोघी हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

जास्त : भीतीचा धंदा

आता दुसरी बाजू. तपासणी चांगली, मग जास्त केली तर बिघडले कुठे?

बिघडते. वर सांगितले की विषाणू तरुणपणी येतो आणि बहुतेकदा निघून जातो. विशी-पंचविशीत तपासणी केली तर आपोआप बरे होणारे बदलही सापडतात. मग पुढच्या तपासण्या आणि उपचार सुरू होतात. पिशवीच्या तोंडाचा तुकडा काढला तर पुढच्या बाळंतपणात मूल दिवसांआधी जन्मण्याचा धोका वाढतो. जो आजार होणारच नव्हता त्याच्या नावाने बाईने हे सोसायचे.

धाराशिवच्या त्याच अभ्यासात शंभरपैकी जवळपास चौदा जणींची व्हीआयए पॉझिटिव्ह आली होती. त्या चौदाही जणींना कॅन्सर होता असे नाही. फारच थोड्या जणींना होता, काहींना आधीचे बदल होते, बाकीच्यांना काहीच नव्हते. पॉझिटिव्ह म्हणजे 'आणखी नीट बघायला हवे', एवढाच त्याचा अर्थ. विनाकारण दर वर्षी तपासणी केली की ही खोटी घाबरगुंडी दर वर्षी पदरात पडते.

जास्त तपासणीचा रोग श्रीमंत देशांतही आहे. अमेरिकेत २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेत गर्भाशयाचे तोंडच काढून टाकलेल्या सुमारे एक कोटी बायकांची तिथे पॅप स्मिअर चालूच होती. जो अवयव नाही, त्याच्या कॅन्सरची तपासणी! आणि त्याच अमेरिकेत काळ्या बायकांचे या कॅन्सरने मरण्याचे प्रमाण गोऱ्या बायकांच्या दुपटीहून जास्त असल्याचे २०१७ सालच्या एका अभ्यासात दिसले. पैसा तपासणीवर कमी खर्च होत नव्हता. तो जिथे हवा तिथे पोहोचत नव्हता.

आपल्याकडे जास्तीचे रूप आणखी भयंकर आहे. इथे कॅन्सरची भीती दाखवून पिशवीच काढतात. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचे प्रकरण तुम्ही ऐकले असेल. दिवाळीनंतर आपल्या भागात ज्या टोळ्या कोयता घेऊन उतरतात, त्यांतल्याच त्या बायका. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहा जणींमागे एक. कित्येक चाळिशीच्या आतल्या. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, मुकादम पैसे कापतो, पांढरे जाते, पोटात दुखते, आणि दवाखान्यात गेले की ऐकू येते, "कॅन्सर होईल."

इथेही तोच खाडा आहे. खाड्याच्या धाकाने एक बाई तपासणीला जात नाही, आणि त्याच धाकाने दुसरी पिशवी काढून येते.

पिशवी काढणे म्हणजे दात काढणे नव्हे. सोबत बीजांडकोशही काढले तर बाईची पाळी एका दिवसात जाते. अंगाची आग, हाडे ठिसूळ होणे, हृदयाचे आजार यांना तिशीतच तोंड द्यावे लागते. बीजांडकोश ठेवले तरी पाळी जाण्याचे बदल लवकर सुरू होऊ शकतात. खरी गरज असते तेव्हा ही शस्त्रक्रिया जीव वाचवते. पण 'पुढे होईल' म्हणून ती करायची नसते. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानेही विनाकारण होणाऱ्या या शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करा, असा आदेश सर्व राज्यांना दिला.

आणि ती 'जखम'? तरुण बाईत, गरोदरपणी किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना पिशवीच्या तोंडाचा आतला लालसर थर बाहेर दिसतो. गालाच्या आतली कातडी बाहेरच्या कातडीपेक्षा लाल असते, तसेच हे आहे. डोळ्यांना ते जखमेसारखे दिसते, पण ती जखम नसते आणि कॅन्सरही नसतो. पांढरे जाण्याचे कारण बहुधा जंतुसंसर्ग असतो आणि तो औषधाने बरा होतो. अनेकदा नवऱ्यालाही तेच औषध घ्यावे लागते.

वस्तीचा हिशेब

समजा एका वस्तीत ३० ते ६५ वयाच्या शंभर बायका आहेत. प्रत्येकीची तपासणी पाच वर्षांतून एकदा करायची. मग वर्षाला किती झाल्या? वीस. महिन्याला दोघीही नाहीत.

आता दुसरी वस्ती घ्या. तिथे शिबिराला दर वर्षी त्याच वीस जणी येतात. घर जवळ, ओळख आहे, जमते म्हणून. पाच वर्षांनी सरकारी वहीत दोन्ही वस्त्यांचा आकडा सारखाच : शंभर तपासण्या. पहिल्या वस्तीत शंभर बायका तपासल्या गेल्या. दुसरीत वीस, आणि ऐंशी जणींकडे कुणी पाहिलेच नाही. कॅन्सर त्या ऐंशीतच दडून बसतो.

म्हणून नुसते 'तपासणी करा, तपासणी करा' म्हणून भागत नाही. कुणाची राहिली, हे विचारले पाहिजे. तथागतांनी दोन टोके टाळून मधला मार्ग दाखवला. इथे मधला मार्ग म्हणजे प्रत्येकीला तिच्या वाट्याची तपासणी, ना कमी ना जास्त.

लक्षात ठेवायचे माप

१. वय ३० ते ६५ : काही त्रास नसला तरी पाच वर्षांतून एकदा तपासणी. सरकारी दवाखान्यात व्हीआयए मोफत आहे. पाळी गेलेल्या बाईने शक्यतो पॅप किंवा एचपीव्ही तपासणी मागावी.

२. तिशीच्या आत, काही त्रास नसेल तर : या तपासणीची गरज नाही. एचआयव्ही असलेल्या बाईने मात्र पंचविशीपासून, आणि तीन ते पाच वर्षांनी, डॉक्टरांना विचारून करावी.

३. पिशवी तोंडासकट काढली आहे, आणि ती कॅन्सर किंवा त्याआधीच्या बदलासाठी काढलेली नव्हती : आता तपासणी नको. पण तोंड ठेवले असेल तर तपासणी हवी. कोणती शस्त्रक्रिया झाली ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेले असते. ते कार्ड फेकू नका.

४. मुलींना ९ ते १४ या वयात एचपीव्हीची लस घेता येते. आपल्या पुण्यातल्या सीरम इन्स्टिट्यूटनेही ती बनवली आहे. लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायचीच.

५. पुढचा त्रास असेल तर वय आणि पाच वर्षांचा हिशेब बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात दवाखान्यात जा : पाळी गेल्यावर रक्त दिसणे, शरीरसंबंधानंतर रक्त जाणे, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणे, घाण वासाचे किंवा रक्तमिश्रित पाणी जाणे. तपासणीचे वेळापत्रक धडधाकट बाईसाठी असते. रक्त दिसले की ते वेळापत्रक लागू होत नाही.

पिशवी काढा असे कुणी सांगितले तर चार प्रश्न विचारा. आजाराचे नाव काय, ते लिहून द्या. कोणत्या रिपोर्टवरून म्हणता? औषधाने किंवा लहान उपचाराने बरे होणार नाही का? थांबले तर काय होईल? मग तो कागद घेऊन सरकारी रुग्णालयातल्या दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. चाळिशीच्या आत तर घ्याच. कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते, की कुणी मोठा माणूस बोलला म्हणून मानू नका, तपासून घ्या. पांढरा कोट घातलेला माणूसही त्याला अपवाद नाही.

व्हीआयए पॉझिटिव्ह आली तर घाबरून घरी बसू नका. पुढची तपासणी दुर्बिणीसारख्या यंत्राने होते, लागला तर लहानसा तुकडा तपासायला घेतात. ती मोठ्या रुग्णालयात होते; ससूनसारख्या ठिकाणी पाठवतील तर चिठ्ठी घेऊन जा, आशाताईंना सोबत न्या. कॅन्सर निघालाच तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचार होतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड आजच एका पिशवीत ठेवा.

त्या दोघींचे काय झाले

सव्वीस वर्षांच्या त्या पोरीला सरकारी दवाखान्यात नेले. संसर्गाच्या गोळ्या तिला आणि नवऱ्याला, दोघांनाही दिल्या. पांढरे जायचे थांबले. पिशवी तिची तिच्याजवळ आहे आणि उचल घ्यावी लागली नाही.

मावशींना कॅन्सर निघाला. पिशवीच्या बाहेर थोडा पसरलेला होता. पुण्यात रेडिएशन आणि सलाईन मिळून दोन महिने गेले. योजनेमुळे उपचाराचे पैसे लागले नाहीत. पण जाण्यायेण्यात, राहण्यात आणि सुनेच्या खाड्यात घरातली शेळी विकली गेली. लेण्याद्रीच्या पायऱ्या न थांबता चढणाऱ्या मावशी आता विहाराच्या तीन पायऱ्यांना भिंत धरतात. दर तीन महिन्यांनी दाखवायला जातात. चाळिशीत त्यांची एकदा जरी तपासणी झाली असती, तरी हे बहुतेक टळले असते.

त्या वर्षी आम्ही विहारात एक वही केली. साधी दोनशे पानी. वस्तीतल्या तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येक बाईचे नाव, तपासणी कधी झाली, निकाल काय, पुढची कोणत्या वर्षी. निकालाचे पान झाकलेले असते, ते फक्त आशाताई आणि ती बाई बघते. दर पौर्णिमेला वंदना झाली की वहीतली दोन नावे काढायची, ज्यांची कधीच झालेली नाही त्यांची आधी. त्या महिन्यात त्या दोघींना सोबत घेऊन जायचे. जायच्या आधी सिस्टर जागेवर आहेत का ते फोन करून विचारायचे, म्हणजे खाडा वाया जात नाही. शेजारणी त्या दिवशी लेकरे सांभाळतात.

बारा पौर्णिमा, चोवीस बायका. शंभर घरांच्या वस्तीलाही हे जड नाही.

वहीत पहिले नाव मावशींच्या सुनेचे आहे, वय ३४. निकाल नॉर्मल, पुढची तपासणी पाच वर्षांनी. त्या पांढरे जाणाऱ्या पोरीचेही नाव आहे. तिच्यापुढे तारीख लिहिलेली नाही, नुसते लिहिले आहे : तिसावे लागल्यावर.

तुमच्या विहारात अशी वही आहे का? नसेल तर येत्या पौर्णिमेला सुरू करा.

जय भीम.